वाळकी फांदी तोडायची एवढी घाई कुणाला?

उद्यानातली वाळकी फांदी राहू द्या. मागणी एवढीच आहे. पण तोंडी सांगायला गेलं की समोरचा आपल्याकडंच संशयानं बघतो, म्हणून इथं जरा लांबड लावतो.

बेळगावात सकाळी फिरणाऱ्यांची कमी नाही. टिळकवाडीचा व्हॅक्सिन डेपो, किल्ला तलाव, कॅम्पातले रस्ते, सगळीकडं उजाडायच्या आत गर्दी. शुगर, पोराचं पुण्यातलं पॅकेज आणि सीमाप्रश्नाची पुढची तारीख, एवढ्यावर दोन राउंड आरामात निघतात. मान मात्र वर जात नाही. पक्षी बघायला दुर्बीण डोळ्याला लावून उभं राहिलं की वॉचमन कन्नडमध्ये विचारतो, "एन नोडाकत्तीरी, सर?" आणि मागून एखादे काका, "काय बघायलायसा एवढं? बिबट्या परत आलाय काय?" काकांचंही चुकत नाही म्हणा. 2022 च्या ऑगस्टमध्ये गोल्फ मैदानात बिबट्या शिरला आणि आसपासच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली, तेव्हापासून झाडीकडं टक लावून बघणारा माणूस म्हटलं की लोकांना तोच आठवतो.

पक्षी बघायला आपलं गाव किती नशीबवान आहे, हे आपल्यालाच माहीत नाही. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, भीमगडचं दाट जंगल आणि धो धो पाऊस. पूर्वेला गोकाक, सौंदत्तीकडं गेलं की कोरडं माळरान. गाव बसलंय बरोबर मध्ये. त्यामुळं घाटातला कुटुर्गा आणि माळावरचा वेडा राघू एकाच सकाळी भेटतात. धनेश बघायला लोक दांडेलीला जाऊन रिसॉर्टचे पैसे भरतात. राखी धनेश इथं टिळकवाडीत उंबरावर बसून ओरडत असतो, तिकीट नाही.

व्हॅक्सिन डेपोत एके काळी देवीची लस तयार व्हायची. देवीचा रोग जगातून गेल्याचं 1980 साली जाहीर झालं. लशीची गरज संपली, जुनी झाडं तेवढी उभी राहिली. माझं मत विचाराल तर ती टिकली याचं मोठं कारण म्हणजे बरीच वर्षं तिथं 'सुशोभीकरण' करावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आता फांदीकडं येतो. तांबट पक्षी सगळ्यांनी ऐकलेला असतो, बघितलेला फार थोड्यांनी. उन्हाळ्यात दुपारी टुक् टुक् टुक् चालूच असतं. आकार चिमणीएवढा, अंग हिरवं, गळा पिवळा, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका. ओरडताना चोच मिटलेलीच असते, प्रत्येक ठोक्याला गळा फुगतो. शिवाय मान इकडंतिकडं फिरवत असतो, म्हणून आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही. हा पक्षी घरटं बांधत नाही, कोरतो. ओल्या लाकडात त्याची चोच चालत नाही, त्याला मेलेली, आतून मऊ पडलेली फांदी लागते. भोक बहुतेक वेळा फांदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरत नाही. तो सोडून गेला की तीच ढोली दयाळ बघून ठेवतो. एका वाळक्या फांदीवर असे दोन-तीन संसार होतात.

धनेशाचं तर विचारूच नका. त्याला स्वतःला कोरता येत नाही, म्हाताऱ्या झाडाची आयती ढोली हवी. मादी आत बसते आणि विष्ठा, चिखल, फळांचा गर यांनी दार लिंपून घेते. चोच मावेल एवढी फट ठेवते. आत असताना तिची मोठी पिसं गळतात, उडायचा प्रश्नच नाही. नर उंबरं, किडे आणून त्या फटीतून भरवत राहतो. मार्च ते जून हा त्यांचा हंगाम. आणि नेमकं ह्याच दिवसांत पावसाआधीची छाटणी निघते.

आमच्या भागातल्या एका उद्यानात, नाव घेत नाही, मागच्या उन्हाळ्यात अशीच छाटणी झाली. गुलमोहराची वाळकी फांदी खाली पडली. तोंडाशी गुळगुळीत झालेलं गोल भोक, आत लाकडाचा भुसा आणि दोन फुटलेली पांढरी अंडी. कामगाराला बोलून काय उपयोग, त्याला मुकादमानं सांगितलेलं. मुकादमाला विचारलं तर म्हणाला, "सर, वाळकं दिसलं तर तक्रारी येतात." खरंच येतात. आपणच करतो!

रस्त्यावर, बाकावर, घसरगुंडीवर झुकलेली फांदी काढाच, त्यावर वाद नाही. माणसाच्या डोक्यावर पडेल ते ठेवा असं मी म्हणत नाही. पण आतल्या कोपऱ्यात, जिथं कुत्रंही फिरकत नाही, तिथली कशाला? आणि पालापाचोळा? नारिंगी डोक्याचा कस्तुर वाळकं पान उलटून खालचा किडा उचलतो. सगळं झाडून, जाळून, वर पेव्हर बसवल्यावर त्यानं उलटायचं काय? उद्यानातल्या रात्रीच्या दिव्यांबद्दल पिंगळ्याची, म्हणजे छोट्या घुबडाची, काही तक्रार नसावी, खांबाखाली त्याला आयते किडे मिळतात. बाकीच्यांचं बघा.

एक विनंती आपल्यातल्या फोटोवाल्यांनाही. मोबाइलवर नराचा आवाज लावून पक्ष्याला फांदीवर आणायचा धंदा बंद करा. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो पिल्लांचं खाणं टाकून भांडायला धावतो. तुम्हाला लाइक मिळतात, तिकडं पिल्लं उपाशी.

येत्या मार्चमध्ये छाटणीची माणसं तुमच्या गल्लीत किंवा उद्यानात आली तर एवढं करा. फांदीखाली उभं राहून पाच मिनिटं वर बघा. भोक दिसलं, त्यातून कुणी ये-जा करताना दिसलं, तर मुकादमाला जुलैपर्यंत थांबायला सांगा. मराठीत सांगा नाहीतर कन्नडमध्ये, तो ऐकतो. मात्र सोबत लेखी अर्ज द्या आणि त्यावर चार-पाच शेजाऱ्यांच्या सह्या असू द्यात, एकट्या माणसाच्या कागदाला आपल्याकडं कुणी विचारत नाही.