खिडकीचे साडेचारशे

गेल्या गुरुवारी साडेचारशे रुपये जास्तीचे मोजून मी मुंबई ते दिल्ली एका भिंतीकडे बघत गेलो. भिंतीत नाव ठेवायला जागा नव्हती. मोतिया रंगाची, गुळगुळीत. पण भिंत आमच्या घरीही आहे आणि तिच्याकडे बघायचे कोणी पैसे मागत नाही.

सीट अकरा-ए. मोबाइलवरच्या नकाशात ए म्हणजे खिडकी, म्हणून मी त्या चौकोनावर बोट ठेवलं. पैसे कापले गेल्याचा मेसेज बोट उचलायच्या आत आला. प्रत्यक्षात दहाव्या रांगेला खिडकी, बाराव्या रांगेला खिडकी, अकराव्या रांगेला गिलावा. हवाईसुंदरीला विचारलं, तर ती म्हणाली, "सर, इथून एसीचा पाइप वर जातो." इतक्या गोड आवाजात, की क्षणभर तो पाइप माझ्याच सोयीसाठी नेलाय असं वाटलं. आणि ते खरंच आहे. या जातीच्या विमानांत गार हवेची नळी पोटातून छतापर्यंत भिंतीतूनच चढवतात, आणि ती जिथून चढते तिथे खिडकी ठेवत नाहीत. पाइपाशी माझं भांडण नाही. पण मग पाइपाचे म्हणून पैसे घ्या की! वर, पाच मिनिटांनी तीच मुलगी रांगा तपासत आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "सर, विंडो शेड ओपन प्लीज." मी भिंतीवरून हात फिरवून दाखवला. ती "थँक यू सर" म्हणून पुढे गेली.

चौसष्टाव्या वर्षी माणसानं खिडकीसाठी रडू नये हे मला कळतं. पण हा हिशेब जुना आहे.

1984 साली कंपनीनं मला सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला इंग्लंडला पाठवलं. मुंबई–लंडन, जंबो, म्हणजे बोइंग 747. आमच्या घराण्यातला पहिला विमानप्रवासी म्हणून मला पोचवायला चिपळूणहून नऊ माणसं सहारला आली होती, झेंडूचे हार, नारळ आणि एका पिशवीत दोन डझन मोदकांसह. आई आली नाही. तिचं एकच म्हणणं होतं, रात्रीचं विमान नको. 1 जानेवारी 1978 च्या रात्री एअर इंडियाचं पहिलं जंबो, 'सम्राट अशोक', सांताक्रूझहून उडालं आणि वांद्र्यासमोर समुद्रात पडलं. 213 माणसं गेली, एकही वाचलं नाही. विलायतेची विमानं रात्रीच सुटतात हे तिला पटवणार कोण? जंबोच्या आठवणी सांगताना लोक हा भाग गाळतात. मीही एरवी गाळतो.

तर ते जंबो. शेपूट सहा मजली इमारतीएवढी उंच, आणि प्रत्येक खिडकीभोवती बाहेरून झरोक्याची लाल महिरप रंगवलेली. 'आकाशातला तुमचा महाल' अशी त्याची जाहिरातच होती. मी खाली उभा राहून त्या महिरपी मोजत होतो आणि यातली माझी कुठली असेल म्हणत होतो. माझी कुठलीच नव्हती. ऑफिसच्या एजंटानं मला मधल्या चार सीटांतली ई दिली होती. डावीकडची खिडकी चार माणसांपलीकडे, उजवीकडची पाच. लंडन मी चार डोक्यांच्या फटीतून पाहिलं. त्यातल्या एका डोक्यावर लोकरीची टोपी होती, त्यामुळे लंडन अजूनही मला थोडं लोकरीचंच आठवतं. चार रांगा मागे सिगारेटवाल्यांचा विभाग सुरू होत होता. धुराला कोणी सांगितलं नव्हतं, की अमुक रांगेच्या पुढे यायचं नाही.

पण पाय पसरता येत होते हो! जेवण चिनी मातीच्या भांड्यात नसेल, पण मागावं लागत नव्हतं. आणि पहाटे सगळे झोपल्यावर मी बाथरूमच्या निमित्तानं पुढे पुढे सरकत तो गोल जिना पाहून आलो. वरच्या मजल्यावर जाणारा, विमानाच्या आत! साडीतल्या एका बाईंनी मला तिथे पकडलं. मला वाटलं आता ओरडणार. तर त्यांनी मिनिटभर पोटभर बघू दिलं आणि जाताना पत्त्यांचा एक कॅट हातात ठेवला. अजून आहे माझ्याकडे. चौकट दश्शी हरवलीय, तिच्या जागी लग्नपत्रिकेचा तुकडा चालतो.

हे सगळं मी गुरुवारी मधल्या सीटवरच्या काकांना सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं, पण मला भिंतीशी बोलायचं नव्हतं. काका डोंबिवलीचे, सत्तरी ओलांडलेले, बिनबाह्यांच्या स्वेटरात. कडेच्या सीटवर काकू, डोळे मिटून, मांडीवर भाकरवडीचा डबा.

"जंबो?" काका म्हणाले. "हॅ." घरच्या चिवड्याच्या माणसाला पाकिटातला चिवडा पुढे केल्यावर तो करतो ना, तसा हॅ. "जंबो म्हणजे यष्टी हो. यष्टी, पण दुमजली. आपण कॉन्कॉर्डवाले."

मी वळून बसायचा प्रयत्न केला. आताच्या सीटमध्ये वळता येत नाही, नुसती मान वळते. "कॉन्कॉर्डमध्ये बसलाय तुम्ही?"

"बसलोय म्हणजे? बसलोय!"

कॉन्कॉर्ड म्हणजे आवाजाच्या पुढे धावणारं विमान. उभ्या जगात अशी वीस विमानं बनली, त्यातली चौदा प्रवासी घेऊन धावली, प्रत्येकात शंभर सीटा. त्यातल्या एका सीटवर बसलेला माणूस माझ्या कोपराला कोपर लावून बसला होता. कोपर आधीपासूनच लागत होतं, पण आता त्याला किंमत आली.

"न्यूयॉर्क ते लंडन," काका म्हणाले. "2 तास, 52 मिनिटं, 59 सेकंद."

"तुम्ही घड्याळ लावलं होतं?"

"लिहिलंय तिथे."

"तिथे म्हणजे विमानात?"

"पाटीवर."

मी हे सोडून दिलं. विक्रम पाटीवर लिहितातच.

"आवाजाच्या दुप्पट वेग. साठ हजार फुटांवर. खाली पृथ्वी गोल दिसते."

"दिसली?"

"दिसते," काका म्हणाले. "आणि खिडकी बघाल तर केवढी? एवढी." त्यांनी स्वतःचा पंजा माझ्या भिंतीवर ठेवला. "मोठी ठेवली आणि फुटली, तर त्या उंचीवर माणसाचं काही खरं नाही. आणि हात लावला तर गरम! त्या वेगाला विमानाचं अंग तापतं."

"मे महिना होता," काकू डोळे न उघडता म्हणाल्या.

मला वाटलं झोपेत बोलतायत.

"तापून ते सहा ते दहा इंच लांब होतं! उडता उडता! कॉकपिटमध्ये इंजिनिअरच्या बाजूला फट पडते. निवृत्त होण्याआधीच्या फेऱ्यांना त्या इंजिनिअर लोकांनी काय केलं माहीत आहे? आपल्या टोप्या त्या फटीत खोचल्या. विमान उतरलं, थंड झालं, फट मिटली. टोपी आतच!"

"ह्यांचीही टोपी राहिली तिथे," काकू म्हणाल्या. "आठ डॉलरची. उन्हासाठी घेतलेली." मग डोळे उघडून, "अहो, सांगा ना त्यांना ते म्युझियम होतं म्हणून."

काही वेळ फक्त एसीचा आवाज येत होता. माझ्या भिंतीतून.

मुलगा न्यू जर्सीत. त्यानं आईबापांना न्यूयॉर्कला हडसन नदीच्या धक्क्यावरचं इंट्रेपिड म्युझियम दाखवायला नेलं. तिथे ब्रिटिशांचं एक कॉन्कॉर्ड उभं असतं. आत जायचं तिकीट वेगळं. काकूंनी डॉलरचे रुपये करून बघितले आणि म्हणाल्या, तुम्ही या जाऊन. त्या खाली उन्हात पर्स, पाण्याची बाटली आणि दोन जॅकेटं धरून उभ्या राहिल्या.

"पण विमान तेच!" काका म्हणाले. "1996 चा विक्रम केला ते तेच! सीट तीच! आता मी बसलो तेव्हा ते हललं नाही, हा काय माझा दोष?"

हसावं की नाही, मला कळेना. हसलो तर माझी ई सीट कुठल्या तोंडानं सांगणार? आम्ही दोघं एकाच शाळेचे, फक्त ते बंद पडलेल्या वर्गात जाऊन बसले होते.

पण काका हार मानणारे नव्हते. त्यांनी जंबोवर मोर्चा वळवला. "तुमच्या जंबोला ते कुबड का आहे, सांगा." मला माहीत होतं, पण त्यांना सांगू दिलं. दोन्ही विमानं 1969 सालची, पहिली उड्डाणं तीन आठवड्यांच्या अंतरानं. तेव्हा सगळ्यांचा हिशेब असा, की उद्या माणसं आवाजाच्या पुढे धावणाऱ्या विमानांतून जाणार आणि जंबोवर माल वाहायची पाळी येणार. म्हणून पायलटला वरच्या मजल्यावर नेऊन बसवला, म्हणजे नाक उघडून समोरून माल भरता येईल. "म्हणजे तुमचं कुबड हा आम्हाला दिलेला मान आहे," काका म्हणाले.

आम्हाला! मग मीही सोडलं नाही. म्हटलं, तुमचं दुकान 24 ऑक्टोबर 2003 ला बंद झालं. आमची मालगाडी त्यानंतरही कारखान्यातून बाहेर पडत होती, 1574 वं आणि शेवटचं जंबो 2023 च्या जानेवारीत गेलं. आणि हे सांगताना आवाज थोडा चढला, कारण 2024 च्या एप्रिलमध्ये एअर इंडियाचं एक जंबो मुंबईहून कायमचं अमेरिकेला गेलं, तेव्हा जाता जाता त्यानं पंख हलवून निरोप घेतला. तो व्हिडिओ मी मोबाइलवर किती वेळा बघितला ते सांगत नाही.

"आपणही दोन कॉन्कॉर्ड सांगून ठेवली होती," मी समेटाच्या सुरात म्हटलं. "एअर इंडियानं. 1975 ला नको म्हणून कळवलं." काका एकदम गप्प झाले, जणू त्यांच्याच नावावर बुक होती. "आणि लंडनहून बहारीनमार्गे सिंगापूरला जायचं ना ते, त्याला आपल्या आकाशात आवाजापेक्षा जोरात, म्हणजे खाली धमाका करत, जाऊ दिलं नाही. मार्ग परवडेना, 1980 मध्ये बंद केला."

"बरं केलं," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे लोकल गेली तरी कपाटातल्या बश्या वाजतात." आणि त्यांनी मला भाकरवडी दिली. विमानात तीनशेला सँडविच होतं, गार, कडा उलगडलेलं. ती भाकरवडी मी फार हळू खाल्ली.

लंडनहून न्यूयॉर्कला कॉन्कॉर्ड साडेतीन तासांत जायचं. आज सात-आठ लागतात. दोन सीटांत पूर्वी 34 इंच असायचे, आता कित्येक विमानांत 28. आणि हे सगळं प्रगती म्हणून आपल्यालाच सांगतात, त्याचं वेगळं तिकीट लावून. मी घरी आल्यावर विमान कंपनीला रीतसर मेल लिहिला. उत्तर आलंय. 'आपण निवडलेली सीट विंडो-साइड होती' असं त्यात आहे. विंडो-साइड! म्हणजे खिडकी जिथे असली असती ती बाजू. खाली चेहऱ्यांची पाच चित्रं, रागीट ते हसरा, आमची सेवा कशी वाटली म्हणून. रागीट चेहरा दाबला, तर अ‍ॅप बंद पडलं.

दिल्लीला उतरायला लागलो तेव्हा डाव्या-उजव्या रांगांतली सगळी डोकी खिडक्यांकडे वळली. मी सवयीनं वळलो आणि भिंतीला नाक लागलं. काकांनी ते पाहिलं. त्यांनी खिशातून फोन काढला, एक व्हिडिओ शोधला आणि फोन आडवा धरून माझ्या भिंतीवर बरोबर खिडकीच्या उंचीला टेकवला.

कॉन्कॉर्डच्या पंजाएवढ्या खिडकीतून घेतलेलं चित्र होतं. काचेवर ओरखडे, त्यापलीकडे ऊन, नदीचा एक तुकडा, आणि खाली लांबवर दोन जॅकेटं आणि पर्स घेतलेल्या काकू. वर बघून हात हलवत होत्या. विमान चालल्यासारखा.

"सर, फोन एरोप्लेन मोडवर प्लीज," हवाईसुंदरी म्हणाली.

"त्यात एरोप्लेनच आहे गं," काकू म्हणाल्या.