पानठेल्यावर आधार कार्ड सक्तीचे? खुलासा

गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतंय की बिडी-तंबाखू घ्यायला आता म्हाताऱ्या माणसालाही आधार दाखवावं लागेल, नाहीतर ठेलेवाल्याला 7 वर्षं जेल. अर्धं खरं, अर्धं मीठ-मिरची लावलेलं.

2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने 18 वर्षांखालच्यांना विक्री बंद केली. गिऱ्हाईक सज्ञान आहे हे सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्यावर, म्हणून शंका आली तर तो वयाचा पुरावा मागू शकतो. आधारच पाहिजे असं नियमात नाही. लायसन चालतं, मतदार कार्डही चालतं. पांढऱ्या मिशांच्या बाबाजीला कोणी अडवणार नाही. पण तिशीतही मिसरूड न फुटलेल्या गड्याला विचारलं, तर त्यानं चिडू नये. ठेलेवाला स्वतःची मान वाचवतोय.

कारण 7 वर्षांची गोष्ट खोटी नाही. ती 2015 च्या बालन्याय कायद्याच्या कलम 77 मधली आहे: अल्पवयीनाला तंबाखू वा दारू दिली तर 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. मोठ्या माणसाला कार्ड न बघता विकल्याची ही शिक्षा नव्हे. मेसेजवाल्यांनी दोन्ही एकत्र घोटलं.

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुना घोटून केलेलं मिश्रण? त्याला वयाचा पुरावा कसला! त्याच्या विक्रीवर राज्यात मुळातच बंदी आहे, भले चौकाचौकात घोटत असोत.

दारूचा हिशेब वेगळा: बिअरला 21, कडक दारूला 25 वर्षं. वर्धा-गडचिरोलीत तर दारूबंदीच.