आठ तपासण्या म्हणजे आठ खाडे

"गरीब बायका गरोदरपणात वेळेवर तपासायलाच येत नाहीत" असं परत कुणी माझ्यासमोर बोललं ना, तर त्याला एकदा सोबत नेऊन दवाखान्याच्या लाईनीत उभं करणारे मी.

मागे ओळखीच्या एका ताईसोबत गेले होते. बांधकामावर काम करते, सातवा महिना, पाय एवढे सुजलेले की चपलेच्या पट्ट्याचे वळ उठले होते. सकाळी साडेसातला नंबर लावला, साडेअकराला आत घेतलं, बीपी जास्त निघालं आणि सांगितलं काय, तर लघवी तपासायची आहे पण लॅब बंद झाली, उद्या या. ती काहीच बोलली नाही, फाईल पिशवीत घातली आणि मला हळूच म्हणाली, "उद्या परत खाडा केला तर मुकादम दुसरी बाई घेईल."

केसपेपर फुकट होता हो. पण बुडालेली मजुरी, गाडीभाडं, घरी मोठ्या पोराला बघायला कोण, याचा हिशोब कुणी करतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मधे चारऐवजी निदान आठ तपासण्या सांगितल्या, बरोबरच आहे ते, पण रोजंदारीवरच्या बाईला ते आठ खाडे पडतात, आणि दरवेळी "उद्या या" म्हटलं की सोळा.

पाय बऱ्याच जणींचे सुजतात, पण सोबत बीपी वाढलेलं आणि लघवीत प्रोटीन असेल तर झटके येऊ शकतात, आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात. अशा बाईला मॅग्नेशियम सल्फेट वेळेत दिलं तर झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो हे 2002 सालीच सिद्ध झालंय, औषधही स्वस्त आहे, पण तपासणीच उद्यावर ढकलली तर इंजेक्शन देणार कुणाला? 2023 मधे जगभरात साधारण 2 लाख 60 हजार बायका गरोदरपणात नाहीतर बाळंतपणात गेल्या, शंभरातल्या नव्वदहून जास्त कमी आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या.

मला फार मोठं काही नकोय. काम सुटल्यावर येता येईल अशी संध्याकाळची ओपीडी ठेवा, बीपी, रक्त, लघवी सगळं एकाच फेरीत उरका, बुडालेल्या मजुरीचे पैसे त्याच दिवशी हातात द्या, आणि रात्री कळा सुरू झाल्या तर फोन केल्यावर गाडी खरंच यायला हवी, कारण बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबला नाही तर धडधाकट बाईसुद्धा दोन तासांत जाऊ शकते.

त्या दिवशी मी भांडले, मोठ्या आवाजात, तेव्हा कुठे लॅब उघडली. प्रोटीन निघालं, ताईला लगेच ॲडमिट केलं. आमच्यामागे लाईनीत अजून तीसेक जणी होत्या, बहुतेक एकट्याच आलेल्या.