तो शंकू म्हणजे नुसतं रडारचं झाकण नव्हे

मिग-२१ या लढाऊ विमानाच्या निरोपावरचा लेख मनापासून आवडला, पण 'नाकातला शंकू रडार झाकण्यासाठी' हे वाक्य खटकलं. माझी नोकरीची बरीच वर्षं नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात मिगवर गेली. रडार त्या शंकूत बसवलेलं होतं हे खरं, पण शंकूचं मुख्य काम नाकाच्या उघड्या तोंडातून इंजिनाकडे जाणारी हवा आवरण्याचं. विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने जात असलं तरी इंजिनाच्या काँप्रेसरला, म्हणजे हवा दाबणाऱ्या पात्यांच्या भागाला, हवा ध्वनीपेक्षा कमी वेगानेच मिळावी लागते, नाहीतर त्याची पाती नीट काम करू शकत नाहीत. शंकूच्या टोकापासून तिरक्या आघातलहरी (हवेचा दाब एकदम वाढतो असे पातळ पट्टे) निघतात आणि हवा टप्प्याटप्प्याने मंदावते, म्हणून दाब फारसा वाया जात नाही. वेग वाढला की या लहरी आणखी मागे झुकतात. त्या नाकाच्या तोंडाच्या कडेजवळच राहाव्यात म्हणून शंकू पुढे सरकतो. जमिनीवरच्या तपासणीत हायड्रॉलिक दाबावर तो पुढे-मागे होताना पाहिला, की हे यंत्र श्वास घेतंय असंच वाटायचं मला.

नाकाच्या दोन्ही बाजूंच्या छोट्या झडपांचा तर लेखात उल्लेखच नाही! वेगात असताना वैमानिकाने थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) एकदम मागे घेतला तर आत जास्तीची हवा तुंबते आणि काँप्रेसर उचक्या देऊ लागतो, त्याला सर्ज म्हणतात. ती हवा या झडपा बाहेर सोडतात. एखाद्या चौकात उभं केलेलं मिग दिसलं तर मुलांना त्या झडपा जरूर दाखवा.