पद्मिनीच्या ब्लॉकमधला गंज, गळका प्लग आणि तेजाब: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. तुमचं म्हणणं असं की वडिलांची प्रीमियर पद्मिनी आंबा घाटात गरम झाली म्हणून उद्यमनगरात आमच्याकडे दिली. दोन दिवस सांगून आम्ही नऊ दिवस लावले, साडेतीन हजार सांगून नऊ हजार दोनशे घेतले. घरी नेल्यावर चौथ्या दिवशी खाली पाणी ठिबकायला लागलं. आणि ब्लॉकमधला, म्हणजे इंजिनच्या ज्या बिडाच्या ठोकळ्यातून पाणी फिरतं त्यातला, गंज काढायचं हेच काम दुसऱ्या मेस्त्रीने तेजाब (ॲसिड) ओतून अर्ध्या तासात केलं असतं.

आधी माझं काय चुकलं ते सांगतो. काम वाढणार हे मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. तेव्हाच तुम्हाला बोलावून ब्लॉक दाखवायला आणि नवा आकडा सांगायला हवा होता. ते केलं नाही, वर तुमचे दोन फोनही घेतले नाहीत. वाढलेला खर्च गिऱ्हाइकाला बिल हातात पडल्यावर कळावा हे बरोबर नाही. त्याबद्दल माफी मागतो.

गळतीही माझ्याच चुकीची. बिडाचा ब्लॉक ओतताना आतली वाळू बाहेर काढायला बाजूला गोल भोकं ठेवतात आणि नंतर ती पातळ पत्र्याच्या वाटीने बंद करतात. तो कोअर प्लग. ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटेवरचा सगळ्यात पातळ भाग हाच, म्हणून आतून गंज लागला की आधी हाच जातो. बाहेरून मात्र रंग शाबूत दिसतो. तुमच्या गाडीचे बाकीचे प्लग आम्ही बदलले. एक अडचणीच्या जागी होता, तो हातोडीने हलकेच वाजवून पाहिला. आवाज भरीव आला म्हणून राहू दिला. तो भरीवपणा पत्र्याचा नव्हता, पत्र्यामागे घट्ट बसलेल्या गाळाचा होता. मी वाजवला तो धुण्याच्या आधी. धुऊन झाल्यावर पुन्हा वाजवला असता तर तिथेच कळलं असतं. गाळाने भोक बुजवून धरलं होतं, आम्ही गाळ काढला आणि भोक उघडं पडलं.

तेजाबाचं मात्र मी तसंच सोडू शकत नाही, कारण तुमचं वाचून कोणीतरी ते खरंच ओतेल.

पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन एकाच धातूचं नाही. ब्लॉक बिडाचा, वरचं हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटर तांब्यापितळेचा आणि त्याचे सांधे शिसं-कथिलाच्या डागाने जोडलेले. मिठाचं तेजाब, म्हणजे संडास धुवायला वापरतात ते, आत गेलं की आधी क्षारावर फेस येतो. बघणाऱ्याला वाटतं काम होतंय. पण क्षार आणि गंज संपला म्हणून ते थांबत नाही. बीड खातं, ॲल्युमिनियम तर त्याहून जोरात खातं. हेडमध्ये खड्डे पडतात, गॅस्केट बसते ती कड जाते. शिवाय त्यातून हायड्रोजन सुटतो, तो पेट घेतो. नंतर नीट धुतलं नाही तर कोपऱ्यात राहिलेलं तेजाब पुढे महिनोन्‌महिने गंज चढवत राहतं. कॉस्टिक सोडाही ॲल्युमिनियमला तितकाच वाईट. कुर्ल्याचा कारखाना बंद होऊन इतकी वर्षं झाली, आता चांगलं हेड शोधायला भंगारवाल्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. वडिलांच्या गाडीवर हा प्रयोग करायला मी कोणालाच सांगणार नाही.

आता नऊ दिवस कुठे गेले ते. पहिल्या दिवशी ब्लॉकचा ड्रेन कॉक, म्हणजे पाणी सोडायची तोटी, उघडला तर थेंबही पडला नाही. तार घालून ढोसलं तेव्हा गेरूसारखा तांबडा चिखल आला, तोही वाटीभरच. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी, कूलंट (इंजिन गार ठेवणारं, गंज रोखणारं द्रव) कधीच नाही. प्लग काढून आत बॅटरी मारली तर चौथ्या सिलिंडरच्या मागे पाण्याला वाटच उरली नव्हती. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर दोन बोटं आत रुतला. पाण्याचा पंप पुढे असतो, मागच्या सिलिंडरकडे प्रवाह मंदावतो आणि गाळ तिथे बसतो. घाटात गाडी तापत होती ती यामुळे. साधं पाणी बदलून यातलं काहीही निघालं नसतं.

रेडिएटर वेगळा काढून रेडिएटरवाल्याकडे दिला. त्याने टाकी उघडून नळ्यांत सळई मारली, परत डाग दिला. यात तीन दिवस गेले. ब्लॉकमधला सुटा गाळ आधी तारेने आणि उलट्या बाजूने पाणी सोडून काढला. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून ठेवला होता. मग दहा लिटर पाण्यात अर्धा किलो सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळतं ते लिंबूसत्त्व, साठ अंशांपर्यंत गरम करून छोट्या पंपाने ब्लॉकमधून फिरवलं. दीड-दोन तासांनी सोडलं तर चहासारखं काळपट तपकिरी पाणी आलं. असं तीन वेळा केलं. रात्रभर ठेवत नाही, कारण हे सौम्य असलं तरी आम्लच आहे, जास्त वेळ राहिलं तर धातूला लागतं. शेवटी खाण्याच्या सोड्याचं पातळ पाणी फिरवलं आणि बादलीत तळ स्वच्छ दिसेपर्यंत साध्या पाण्याने धुतलं.

धुऊन झाल्यावर घाई करावी लागते. उघडं पडलेलं बीड तासाभरात पुन्हा तांबूस होतं. म्हणून त्याच दिवशी डिस्टिल्ड वॉटर आणि हिरवं कूलंट निम्मं-निम्मं भरलं. मग जोतिबाच्या चढाला दोनदा नेऊन आणली, तापमानाचा काटा मध्याच्या वर गेला नाही. उरलेले दिवस प्लग मिळवण्यात गेले.

तुमच्या रिव्ह्यूतल्या एका वाक्याने मला सगळ्यात जास्त काळजी लागली. गळती दिसल्यावर तुम्ही गाडी थांबवून लगेच रेडिएटरचं झाकण उघडलं आणि टपरीवरचं गार पाणी ओतलं. दादा, पुन्हा असं करू नका. गरम झाकण उघडलं की वाफ आणि उकळतं पाणी तोंडावर येतं, आणि तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर ब्लॉक तडकू शकतो. गाडी बंद करा, अर्धा-पाऊण तास थांबा, हात लावता आला की फडकं धरून झाकण हळूहळू सैल करा. खाली कूलंट सांडलं असेल तर धुऊन टाका. ते चवीला गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

राहिलेला प्लग मी पितळी बसवून देतो, बाकीचे सगळे परत वाजवून बघतो आणि कूलंट नवीन भरतो. याचे मजुरीचे किंवा सामानाचे पैसे घेणार नाही. आधी न सांगता वाढवलेल्या बिलातली आमची मजुरी दोन हजार चारशे होती, तीही परत करतो. रेडिएटरवाल्याचे आणि सामानाचे पैसे मी भरलेत, त्यांच्या पावत्या तुम्हाला दाखवतो. काढलेले जुने प्लग आणि तो गाळ बरणीत ठेवलाय, तोही बघून घ्या.

गाडी चालवत आणू नका, तुम्ही सांगाल त्या वेळी मी टोईंगची गाडी पाठवतो. सोमवारी आम्ही बंद असतो. या वेळी फोन मीच उचलेन.