‘दोन वायरी जोडा, बाकीच्या कापा’ हा सल्ला ऐकू नका

ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल गिअरबॉक्स बसवायचं म्हटलं की एक सल्ला हमखास मिळतो: “वायरिंगचं काही नसतं. जुन्या गिअरबॉक्सच्या सॉकेटमधल्या दोन जाड वायरी जोडल्या की सेल्फ लागतो. बाकीच्या कापून टेप मारा. चेक इंजिनचा दिवा लागला तर लागू दे.” हा सल्ला इतका फिरलाय की लोक तो डोळे झाकून पाळतात. म्हणूनच त्यातला एकेक मुद्दा सोलून बघायला हवा.

सेल्फ लागतो, हे खरं. पण का लागतो? ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवरचा स्विच लिव्हर पार्क किंवा न्यूट्रलला असतानाच सेल्फच्या रिलेचं सर्किट पूर्ण करतो. वायरी कायमच्या जोडल्या की ही अडवणूक संपली. मग गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी असताना कुणी नुसती किल्ली फिरवली, तरी गाडी पुढे झेपावते. त्या क्षणी समोर बॉनेटमध्ये वाकून कुणी काम करत असेल तर? त्या दोन वायरींच्या मध्ये क्लच पेडलचा स्विच यायलाच हवा. इथेही एक फसगत होते. पेडलवर बऱ्याचदा दोन स्विच असतात. एक क्लच पूर्ण दाबल्यावर काम करतो, तो सेल्फसाठी. दुसरा पेडल जरा हललं तरी बदलतो, तो क्रूझ कंट्रोलसाठी. यांची अदलाबदल झाली तर क्लच अर्धवट दाबूनही सेल्फ लागतो.

“दोन जाड वायरी” ही तर ओळखच नव्हे. त्याच सॉकेटमध्ये रिव्हर्सच्या दिव्याचीही जोडी असते. ती चुकून जोडली तर इग्निशन चालू केल्याबरोबर मागचे पांढरे दिवे लागतात आणि विझत नाहीत. जुना गिअरबॉक्स भंगारात देण्याआधी त्याच्या स्विचला मल्टिमीटर लावा, सर्किट जुळलं की बीप देणाऱ्या सेटिंगवर. पार्क आणि न्यूट्रलला बीप देणारी जोडी सेल्फची, फक्त रिव्हर्सला बीप देणारी दिव्याची. दिव्याची जोडी नव्या गिअरबॉक्सच्या रिव्हर्स स्विचला न्यायची. नव्या गाड्यांत मात्र अशी साधी जोडीच नसते. तिथे लिव्हरची जागा गिअरबॉक्सच्या कंट्रोलरला कळते आणि तो इंजिनच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, कळवतो. तिथे वायरी जोडून काहीच होत नाही.

“बाकीच्या कापा” याने सगळ्यात जास्त गाड्या अडकतात. अनेक मॉडेलमध्ये स्पीडोमीटरचा सिग्नल याच गिअरबॉक्सच्या सेन्सरवरून येतो. तो कापला की काटा शून्यावर. शिवाय कंट्रोलरच्या प्लगमधून कॅनची (गाडीतले कंट्रोलर ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या जाळ्याची) पिळलेली जोडी जात असेल आणि ती तुटली, तर एबीएस आणि मीटरही गप्प होऊ शकतात. बॅटरी काढून त्या जोडीत रेझिस्टन्स मोजा. साधारण ६० ओहम आला तर दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रेझिस्टर जागेवर आहेत. १२० आला तर कुठेतरी एक टोक सुटलंय.

काही जण सोलेनॉइडच्या (ऑटोमॅटिकमध्ये गिअर बदलणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हच्या) जागी रेझिस्टर लावून कंट्रोलरला फसवतात. १२ ओहमच्या रेझिस्टरवर १२ व्होल्ट आले की १२ वॅट उष्णता तयार होते. पाव वॅटचा रेझिस्टर त्यात जळून जाईल. जाड रेझिस्टर लावला तरी कंट्रोलर आत येणारा आणि बाहेर जाणारा वेग ताडून बघतो, आणि मेळ बसला नाही की पी०७३१सारखे कोड टाकतो.

आणि दिवा लागू द्यायचा? कायम जळत राहिलेल्या दिव्यामागे उद्याचा खरा मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) लपेल. काही ईसीयू गिअरबॉक्सचा कंट्रोलर सापडला नाही की इंजिनची ताकदच कमी करतात. मॅन्युअल मॉडेलचा ईसीयू इमोबिलायझरशी (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेशी) जुळवून बसवणं किंवा आहे त्याचं कोडिंग बदलणं, हाच सरळ मार्ग. किल्लीचंही बघा: पार्कला नसताना ती न सोडणारं कुलूप बऱ्याच गाड्यांत असतं. पार्कच उरलं नाही, तर किल्ली अडकून बसते.

कार्ब्युरेटरच्या, पूर्ण हायड्रॉलिक ऑटोमॅटिक असलेल्या जुन्या गाडीत काम खरोखर दोन जोड्यांवर भागतं. क्लचचा स्विच तिथेही बसवावाच लागतो.