फ्रँकोनाच्या माथी मारलेला सप्टेंबर

सप्टेंबरमध्ये एखादा बेसबॉल संघ लागोपाठ हरू लागला, की बोस्टन रेड सॉक्सची 2011 ची गोष्ट पुन्हा फिरू लागते. अमेरिकेत राहून या खेळाच्या नादी लागलेली आपली मराठी मंडळीही ती मोठ्या खात्रीने सांगतात. गोष्ट अशी: मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, टेरी फ्रँकोनाने खेळाडूंना मोकाट सोडलं. सामना चालू असताना पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे खेळाडू, आत बसून बिअर पीत आणि तळलेलं चिकन खात राहिले. नऊ सामन्यांची आघाडी महिन्याभरात गेली. मालकांनी मॅनेजरला घरी पाठवलं, संघाला शिस्त लागली आणि दोन वर्षांत तो विजेता झाला.

यातले बरेच तपशील खरे आहेत, म्हणूनच ती लगेच पटते. पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही, आणि एका चांगल्या माणसावर त्याने अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं.

आधी आघाडीचं बघू. सप्टेंबरच्या सुरुवातीला रेड सॉक्स वाइल्ड कार्डच्या (विभाग न जिंकताही प्लेऑफ या बाद फेरीत मिळणाऱ्या जागेच्या) शर्यतीत टँपा बे रेजच्या नऊ सामने पुढे होते. त्या महिन्यात ते 27 पैकी 20 सामने हरले. शेवटी रेजचे 91 विजय झाले, यांचे 90. "एवढी आघाडी मॅनेजरच्या चुकीशिवाय जातेच कशी?" हा पहिला दावा.

ती गेली पिचिंगमुळे. त्या महिन्यात बोस्टनच्या स्टार्टिंग पिचरनी दर नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, सातहून अधिक धावा दिल्या. संघाचा सुरुवातीचा पिचरच तिसऱ्या-चौथ्या इनिंगमध्ये मार खाऊन बाहेर येऊ लागला, तर मॅनेजरच्या हातात फारसं काही उरत नाही. मागचे राखीव पिचर रोज वापरावे लागतात, तेही थकतात, आणि मग सातव्या-आठव्या इनिंगमधले जिंकलेले सामनेही निसटतात. बोस्टनचं नेमकं हेच झालं.

स्टार्टिंग पिचर कमी का पडले? क्ले बुखहोल्झ पाठीच्या हाडाला तडा गेल्यामुळे जूनच्या मध्यानंतर मैदानात उतरलाच नाही. दाइसुके मात्सुझाकाच्या कोपरावर जूनमध्येच शस्त्रक्रिया झाली. जॉन लॅकी दुखऱ्या कोपराने खेळत राहिला. त्या वर्षी त्याची सरासरी (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) 6.41 होती, हंगाम संपल्यावर त्याचाही कोपर उघडावा लागला आणि 2012 चं पूर्ण वर्ष गेलं. सप्टेंबरात जॉश बेकेटचा घोटा मुरगळला. 162 सामन्यांच्या हंगामात पाच जणांचा क्रम सतत फिरता ठेवावा लागतो. त्यातले दोघे नाहीत, तिसरा जखमी. जागा भरायला कोण मिळणार हे ठरवणं जनरल मॅनेजर आणि मालकांचं काम असतं. त्यांनी त्या वर्षी पैसा ओतला होता तो फलंदाज कार्ल क्रॉफर्डवर. सात वर्षांचे 14.2 कोटी डॉलर, आणि पहिल्याच हंगामात त्याची फलंदाजीची सरासरी जेमतेम .255. हा करार फ्रँकोनाने केला नव्हता.

मॅनेजर कधीच दोषी नसतो असं मी म्हणत नाही. 1964 मध्ये फिलाडेल्फिया फिलीज 12 सामने उरले असताना साडेसहा सामने पुढे होते. त्यांचा मॅनेजर जीन मॉकने घाबरून जिम बनिंग आणि ख्रिस शॉर्ट या आपल्या दोन सर्वोत्तम पिचरना फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर पुन्हा पुन्हा उतरवलं, आणि फिलीज लागोपाठ दहा सामने हरले. खुद्द बोस्टनचाच 2003 चा मॅनेजर ग्रेडी लिटलने त्या वर्षीच्या निर्णायक सामन्यात थकलेल्या पेद्रो मार्तिनेझला आठव्या इनिंगमध्ये काढलं नाही, न्यूयॉर्क यांकींनी तिथेच बरोबरी साधली. या दोन्ही ठिकाणी निर्णय दाखवता येतो: हा पिचर, हा दिवस, ही इनिंग. फ्रँकोनावर बोट ठेवणाऱ्यांनी असा एक तरी निर्णय दाखवावा.

शेवटच्या रात्रीचाच घ्या. 28 सप्टेंबर, बाल्टिमोर, नववी इनिंग, बोस्टन 3-2 पुढे. फ्रँकोनाने सामना संपवायला ठेवलेला पिचर जॉनथन पॅपलबॉनला आणलं. त्याला न आणणारा मॅनेजर वेडा ठरला असता. त्या हंगामात आठ इनिंगनंतर आघाडीवर असलेला एकही सामना बोस्टनने गमावला नव्हता. दोन आऊट झाले होते, बेसवर कोणी नव्हतं. मग बाल्टिमोरच्या ख्रिस डेव्हिसचा डबल (थेट दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका), नोलन रायमोल्डचा डबल, रॉबर्ट अँडिनोचा फटका क्रॉफर्डच्या ग्लोव्हला लागून खाली. बाल्टिमोर 4-3. काही मिनिटांतच तिकडे फ्लोरिडात इव्हान लॉंगोरियाने बाराव्या इनिंगमध्ये होम रन मारला, आणि 7-0 ने मागे पडलेले रेज यांकींना 8-7 ने हरवून पुढे गेले. यातला कुठला चेंडू मॅनेजरने टाकला?

आता चिकन-बिअर. ही गोष्ट हंगाम संपल्यावर दोन आठवड्यांनी 'बोस्टन ग्लोब'मध्ये आली. पिचरांचं वागणं वाईट होतं, यात शंका नाही. मैदानावर सहकारी खेळत असताना आत बसून राहणं मलाही खटकतं. पण ज्यांची पाळी नव्हती असेच पिचर ते करत होते, आणि ही सवय काही सप्टेंबरात लागली नव्हती. हंगामाची सुरुवात 2 विजय, 10 पराभव अशी झाल्यावर ऑगस्टअखेरपर्यंत याच संघाने 81 सामने जिंकले, 42 हरले. बिअर तेव्हाही होती. ज्याच्या नावाने सर्वाधिक शंख झाला त्या बेकेटची त्या वर्षीची सरासरी 2.89 होती, बोस्टनमधली त्याची सर्वात चांगली.

फ्रँकोना डोळे मिटून होता, हेही खोटं. 6 सप्टेंबरला टोरोंटोत संघ 14-0 ने जिंकला, आणि त्यानंतर त्याने खेळाडूंची बैठक घेतली, कारण संघात काहीतरी बिनसतंय हे त्याला दिसत होतं. खेळाडूंनी ऐकलं नाही. त्यांच्यापर्यंत आपण पोहोचू शकलो नाही, आता वेगळा आवाज हवा, हे त्याने जाताना स्वतः सांगितलं. एवढा वाटा त्याचा आहे आणि तो त्याने नाकारलेला नाही. 'ग्लोब'च्या त्या बातमीत निनावी सूत्रांच्या हवाल्याने त्याच्या घरातल्या गोष्टीही आल्या. संघाला 86 वर्षांनी, 2004 मध्ये, वर्ल्ड सिरीज ही विजेतेपदाची मालिका मिळवून देणाऱ्या आणि 2007 मध्ये पुन्हा जिंकून देणाऱ्या माणसाला असं वागवणं मला आजही लाजिरवाणं वाटतं.

"मालकांनी काढलं म्हणजे दोष सिद्ध झाला" हा तर दावाच पोकळ आहे. त्याच रात्री अटलांटा ब्रेव्हजही अशीच मोठी आघाडी गमावून बाहेर पडले. त्यांनी मॅनेजर फ्रेडी गोंझालेझला ठेवलं. पुढच्या वर्षी ते 94 सामने जिंकून प्लेऑफमध्ये पोहोचले.

आणि शिस्त? ती 2012 मध्ये खरोखरच आली. कडक म्हणून नाव असलेल्या नव्या मॅनेजर बॉबी व्हॅलेंटाइनने क्लबहाउसमध्ये बिअर बंद केली. संघ 69 जिंकला, 93 हरला, विभागात तळाला गेला आणि व्हॅलेंटाइनची वर्षभरात गच्छंती झाली. गोष्ट फिरवणारे हे वर्ष नेमकं गाळतात. 2013 ची वर्ल्ड सिरीज जिंकून दिली त्याच्या जागी आलेल्या जॉन फॅरेलने, आणि फॅरेल 2007 ते 2010 फ्रँकोनाचाच पिचिंग कोच होता. निर्णायक सहावा सामना जिंकणारा पिचर कोण? जॉन लॅकी, कोपर बरा झालेला. त्या मालिकेतले दोन सामने जॉन लेस्टरने जिंकले. चिकन-बिअरच्या बातमीत बेकेटसोबत हीच दोन नावं होती.

फ्रँकोना त्या वर्षी क्लीव्हलंडला होता. आदल्या हंगामात 94 सामने हरलेला तो संघ त्याने प्लेऑफमध्ये नेला आणि अमेरिकन लीगचा सर्वोत्तम मॅनेजर म्हणून त्याची निवड झाली. त्या सप्टेंबरात त्याचा संघ 27 पैकी 21 सामने जिंकला.